केसपेपर आणि मोजदाद

मार्च १९९८. मँचेस्टरजवळच्या हाइड गावातील एका डॉक्टरबाईंनी कोरोनरकडे शंका मांडली : शेजारच्या डॉ. हॅरल्ड शिपमन यांचे इतके रुग्ण कसे दगावतात? पोलिसांनी काही मृतांचे केसपेपर वैद्यकीय सल्लागाराकडून तपासून घेतले. वावगे काही आढळले नाही, चौकशी थांबली. त्यानंतर आणखी तीन स्त्रिया मारल्या गेल्या.

शिपमन मागची तारीख घालून खोटे आजार नोंदवत. दवाखान्याचा संगणक मात्र नोंदीची खरी वेळ टिपत होता. खटल्यात तीच साक्ष ठरली. २००० साली १५ खून सिद्ध झाले. २००२च्या चौकशी अहवालाने २१५ बळी मोजले.

मारेकऱ्यानेच लिहिलेले केसपेपर सुटे सुटे वाचून काय कळणार? डॉक्टरबाईंनी मृत्यूंची संख्या आपल्या दवाखान्याशी ताडून पाहिली होती. तपासाने नेमके तेच केले नाही.