सुखाचा हिशेब

दिवाळी आली की आपण एकमेकांना सुखाच्या शुभेच्छा देतो. हे सुख नेमके कोठे मिळते, असे मात्र कोणी विचारीत नाही. आणि ते ठीकच आहे, कारण फराळाच्या ताटापाशी असला प्रश्न काढणाऱ्याला पुढच्या वर्षी बोलावणे येईलच असे नाही. पण लंडनमधल्या एका वीस वर्षांच्या तरुणाने हा प्रश्न एकदा स्वतःला विचारला आणि आलेल्या उत्तराने तो पार खचून गेला. त्याचे नाव जॉन स्टुअर्ट मिल. आगरकर वाचणाऱ्या मराठी माणसाला हे नाव परके नाही. आगरकरांनी आपली तर्कबुद्धी ज्यांच्या ग्रंथांवर घासून धारदार केली, त्यांतला हा एक. मला मात्र त्या तर्कनिष्ठ मिलपेक्षा खचलेला मिलच अधिक जवळचा वाटत आला आहे.

मिल १८०६ साली जन्मला. त्याचे वडील जेम्स मिल हे हिंदुस्थानात कधी पाऊलही न टाकता हिंदुस्थानचा जाडजूड इतिहास लिहिणारे गृहस्थ. मुलाचे शिक्षण त्यांनी घरीच केले. तिसऱ्या वर्षी ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन. बरोबरीच्या मुलांत खेळणे जवळजवळ नाहीच. या घराचे स्नेही आणि गुरू होते जेरेमी बेंथॅम.

बेंथॅमने १७८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुखाचा चक्क हिशेब मांडला होता. सुख किती तीव्र, किती काळ टिकणारे, किती खात्रीचे, किती जवळचे. त्यातून आणखी सुख निपजते का, त्यात दुःखाची भेसळ किती आणि ते किती जणांना मिळते, अशी त्याची सात मापे. आपल्या चकलीलाही ती लावता येतील. चकली खुसखुशीत झाली तर सुख तीव्र, डबा मोठा असला तर टिकाऊ, पोट बिघडले तर भेसळीचे, आणि शेजारी एक ताट पोचते झाले तर व्याप्ती वाढली! हे हसण्यावारी नेण्यासारखे वाटेल. पण बेंथॅमच्या या हिशेबात राजाचे सुख आणि रंकाचे सुख एकाच तराजूत पडत होते. जुलमी कायद्यांना जाब विचारण्याचे ते मोठे हत्यार होते.

तरुण मिलने हेच हत्यार हाती घेतले. जग सुधारायचे, अधिकांत अधिक लोकांचे सुख वाढवायचे, हे त्याचे ध्येय ठरले. सतराव्या वर्षी, १८२३ मध्ये, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या कचेरीत वडिलांच्या हाताखाली लागला. दिवसा हिंदुस्थानला जाणाऱ्या खलित्यांचे मसुदे आणि उरल्या वेळात बेंथॅमच्या पुराव्याच्या कायद्यावरील हस्तलिखितांचे संपादन, असा त्याचा क्रम होता.

आणि १८२६ च्या शरद ऋतूत त्याच्या मनात तो प्रश्न उभा राहिला. समज, तुला हव्या आहेत त्या सगळ्या सुधारणा या क्षणी घडून आल्या. मग तू सुखी होशील का? आतून उत्तर आले, नाही. ज्या खांबावर आयुष्याची इमारत उभी होती तो खांबच निखळला. काम चालू राहिले, पण सवयीने. वडिलांना सांगणे शक्य नव्हते. त्यांनी एवढ्या कष्टाने घडवलेल्या शिक्षणाचे हे फळ, असे त्यांना कोणत्या तोंडाने सांगावे? त्या दिवसांत त्याला एक विचित्र भीतीही वाटे. सप्तकात स्वर मोजकेच, तेव्हा सुंदर चाली एक दिवस संपून जातील! सुखाची मोजदाद करायला शिकलेले मन गाण्याचाही साठा मोजू लागले होते.

सुटका झाली ती अगदी साध्या वाटेने. मार्मोंतेल नावाच्या फ्रेंच लेखकाच्या आठवणी वाचताना, वडील वारल्यावर पोरवयातच घराचा आधार होण्याचा निश्चय करणाऱ्या मुलाचा प्रसंग आला आणि मिलच्या डोळ्यांना पाणी आले. आपले मन मेलेले नाही, हे त्याला कळले. पुढे १८२८ मध्ये वर्डस्वर्थच्या कवितेने त्याला आणखी बळ दिले. सुख हीच आयुष्याची कसोटी, हे मत त्याने सोडले नाही. पण एक नवी गोष्ट तो शिकला. सुखावरच नजर रोखली तर सुख निसटते. दुसऱ्याचे भले, एखादी कला, एखादे काम यांत मन गुंतले, की ते वाटेत आपसूक भेटते.

विज्ञानाने पुढे या अनुभवाची आपल्या परीने परीक्षा घेतली. १९७८ मध्ये अमेरिकेत ब्रिकमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लॉटरी लागलेल्या २२ जणांची पाहणी केली. ते इतरांहून विशेष सुखी आढळले नाहीत. उलट रोजच्या लहानसहान गोष्टींतली त्यांची गोडी कमी झालेली दिसली. पण मूठभर माणसांवरून सिद्धांत बांधू नये. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या फार मोठ्या पाहणीत, बक्षिसाने आयुष्याबद्दलचे समाधान दहा वर्षांनंतरही वाढलेले आढळले. रोजच्या आनंदात मात्र त्या मानाने थोडाच फरक पडला होता. तेव्हा पैशाला तुच्छ लेखण्याचे कारण नाही. मिलच्या अनुभवाच्या अधिक जवळ जातो तो आयरिस मॉस आणि तिच्या सहकाऱ्यांचा २०११ मधला प्रयोग. सुखाची थोरवी सांगणारा मजकूर आधी वाचायला दिलेल्या स्त्रियांना नंतर दाखवलेल्या आनंदी चित्रफितीचा आनंद इतरांहून कमीच वाटला. सुखी व्हायलाच हवे म्हटले की मन स्वतःचीच झडती घेऊ लागते.

१८५८ साली कंपनीचे राज्य गेले आणि मिलची पस्तीस वर्षांची नोकरी संपली. त्याच वर्षी फ्रान्समधल्या आव्हिन्यों येथे प्रवासात त्याची पत्नी हॅरिएट वारली. तिच्या थडग्याजवळच त्याने घर घेतले. या वेळी मात्र तो हिशेब मांडीत बसला नाही. दोघांनी मिळून तपासलेले स्वातंत्र्यावरचे पुस्तक त्याने पुढच्याच वर्षी, तिला अर्पण करून, प्रसिद्ध केले. १८६७ मध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी तो पार्लमेंटात उभा राहिला. १८७३ मध्ये त्याच घरी त्याचा अंत झाला.

म्हणून यंदा शुभेच्छा देताना मी एवढेच म्हणेन, की मन गुंतेल असे काहीतरी आपणां सर्वांना लाभो. अनारशाला जाळी पडते की नाही याकडे जिचे डोळे लागले आहेत, तिला 'तू सुखी आहेस का?' असे विचारू नका. आणि मिलचे नाव घेतलेच आहे, तर झारा हाती घेऊन तिच्या शेजारी बसणेही ओघानेच आले.