‘कॉन्टिनेंटल’ नेमकी कुणाची?



आजची गोष्ट दोन गाड्यांची आहे, आणि एका आरोपाची.

मार्च २०१५. अमेरिकेच्या लिंकन कंपनीने न्यू यॉर्कच्या मोटार प्रदर्शनासाठी एक कॉन्सेप्ट कार पुढे आणली. कॉन्सेप्ट कार म्हणजे शोरूममध्ये मिळणारी गाडी नव्हे. कंपनी पुढे कुठल्या वाटेने जाणार, हे दाखवणारा तो नमुना असतो. गाडी निळी, लांबलचक होती, पुढे बारीक विणीची जाळी आणि नाव ‘कॉन्टिनेंटल’.

फोटो बाहेर पडले आणि इंग्लंडच्या बेंटली कंपनीचे डिझाइनप्रमुख ल्यूक डोंकरवोल्के भडकले. ही तर आमचीच ‘फ्लाइंग स्पर’, असं त्यांचं म्हणणं. फेसबुकवर त्यांनी टोमणा मारला की, आता गाडी बनवायचे साचेही पाठवून देऊ का?

आता तुम्ही म्हणाल, नक्कल केली, विषय संपला. पण थांबा. ही गोष्ट नीट समजायला शहात्तर वर्षं मागे जावं लागतं.

हेन्री फोर्डचे चिरंजीव एडसेल फोर्ड युरोपचा दौरा करून आले होते. तिकडच्या गाड्यांचा ठेंगणा, लांब नाकाचा बांधा त्यांच्या मनात भरला. तशी एक गाडी स्वतःसाठी हवी, असं त्यांनी आपले डिझाइनर बॉब ग्रेगरी यांना सांगितलं. ग्रेगरींनी लिंकन-झेफर ही तयार गाडी आधाराला घेतली, तिची उंची कमी केली, नाक लांबवलं आणि जादा चाक मागच्या बाजूला उघड्यावर बसवलं. १९३९ मध्ये ती एकुलती एक गाडी फ्लोरिडात एडसेल यांच्या सुट्टीच्या मुक्कामी पोहोचली. ती लोकांना इतकी आवडली की कारखान्यात तिचं उत्पादन सुरू झालं. तीच पहिली लिंकन कॉन्टिनेंटल.

‘कॉन्टिनेंटल’ म्हणजे युरोप खंडातल्या धाटणीची. म्हणजे आपण युरोपकडून काय घेतलं, हे लिंकनने गाडीच्या नावातच सांगून टाकलं होतं!

१९५१ मध्ये न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आठ मोटारी कलावस्तू म्हणून मांडल्या. त्यात १९४१ची लिंकन कॉन्टिनेंटल होती, आणि १९३९ची एक बेंटलीही. पुढे एकमेकांशी भांडणारी ही दोन घराणी तेव्हा एकाच प्रदर्शनात होती.

पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, बेंटलीने आपली ‘आर-टाइप कॉन्टिनेंटल’ आणली. लिंकनने हे नाव वापरल्याला तेव्हा तेरा वर्षं झाली होती. बेंटलीच्या लेखी मात्र नावाचा अर्थ वेगळा. इंग्लंडमधून निघून युरोपभर वेगाने, आरामात लांबचा प्रवास करणारी गाडी, असा तो अर्थ. अशा जेमतेम २०८ गाड्या बनल्या. छपरापासून शेपटीपर्यंत एकसंध उतरत जाणारी तिची पाठ बघा. तशी पाठ चाळीसच्या दशकात अमेरिकन गाड्यांवर चांगलीच रुळलेली होती. आणि २०१५ मध्ये ज्या फ्लाइंग स्परवरून वाद पेटला, तिचंही नाव २०१३ पर्यंत ‘कॉन्टिनेंटल फ्लाइंग स्पर’ असंच होतं.

मग डोंकरवोल्के चुकले का? नावापुरतं बोलायचं तर बेंटलीला तक्रारीला जागा नव्हती. जाळीचं मात्र तसं नाही. १९२० च्या दशकात बेंटलीच्या गाड्या ल मां-च्या चोवीस तासांच्या शर्यतीत धावत. रस्त्यावरचे खडे उडून रेडिएटर फुटू नये म्हणून पुढे तारेची जाळी लावत. ती शर्यत बेंटलीने पाच वेळा जिंकली आणि जाळी कंपनीची ओळख बनली. लिंकनचा तेव्हाचा चेहरा वेगळाच होता, दोन पंख पसरल्यासारखा. तो टाकून त्यांनी जाळी घेतली. तेव्हा नाव लिंकनचं स्वतःचं, चेहरा मात्र बेंटलीकडे झुकलेला, असं म्हणणं मला न्यायाचं वाटतं.

याच्या शेजारी दुसरं उदाहरण ठेवा. २००९ मध्ये शांघायच्या प्रदर्शनात चीनच्या जीली कंपनीने ‘जीई’ नावाची कॉन्सेप्ट कार मांडली. देवळाच्या खांबांसारखी उभी जाळी, भव्य चौकोनी बांधा. पाहणाऱ्याला थेट रोल्स-रॉइस फँटम आठवावी. तिथे सामायिक नाव नव्हतं, जुनी देवाणघेवाण नव्हती. पुढे जीलीने तिचं रूप बदललं.

दोन्हीकडे ‘नक्कल’ हा एकच शब्द वापरला, तर फरक दिसत नाही. विचारायला हवं ते असं: घेतलेली गोष्ट सगळ्यांच्या वापरातली आहे, की कुणीतरी कमावलेली खूण आहे?

आणि खूण कमावणारी माणसं असतात. मातीच्या प्रतिकृतीवर महिनोन्‌महिने हात फिरवून एक रेघ पक्की करणारी. डोंकरवोल्के यांचा राग त्या कष्टांसाठी होता, आणि तो समजण्यासारखा आहे.

पण हात कंपनीचे नसतात, माणसाचे असतात. त्याच वर्षी डोंकरवोल्के बेंटलीतून बाहेर पडले आणि पुढे ह्युंदाई समूहात गेले. तिथे त्यांच्या देखरेखीखाली जेनेसिसच्या आलिशान गाड्या घडल्या. त्या पाहून लोक काय म्हणाले असतील? ‘अरे, ही तर बेंटलीसारखी दिसते!’

लिंकनने आपली कॉन्टिनेंटल २०२० मध्ये थांबवली. पुढच्या वेळी दोन गाड्यांचे फोटो शेजारी ठेवून कुणी ‘चोरी’ म्हणालं, तर आधी दोघींची वंशावळ मागा. भेटू पुढच्या भागात.