शिट्टीनंतरचा गोल : मिशिगनच्या तीन वसंतांची गोष्ट

२८ मार्च २०१०. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील फोर्ट वेन शहर. विद्यापीठीय आइस हॉकीच्या राष्ट्रीय स्पर्धेत मिशिगन आणि मायामी हे संघ समोरासमोर होते. नियमित साठ मिनिटे २-२ अशा बरोबरीत संपली आणि जादा वेळ सुरू झाला. त्या जादा वेळात मायामीच्या गोलसमोर गर्दी उसळली. गोलरक्षकापाशी मोकळी राहिलेली चकती मिशिगनच्या केविन लिंचने जाळ्यात ढकलली आणि मिशिगनचे खेळाडू जल्लोषासाठी धावले. पण पंचांनी गोल नाकारला, कारण त्याआधीच त्यांची शिट्टी वाजली होती.

चकती रेषेपलीकडे गेली होती, याबद्दल कोणाचा वाद नव्हता. तरीही तो गोल धरला गेला नाही. पुढे दुसऱ्या जादा सत्रात मायामीच्या आल्डेन हिर्शफेल्डने गोल केला. मिशिगन २-३ ने हरले आणि त्यांचा हंगाम तिथेच संपला.

हा निर्णय नियमाला धरून कसा होता, तरीही तो मिशिगनच्या मनात का सलत राहिला, आणि वर्षभराने त्याच लिंचच्या वाट्याला नियतीने काय आणून ठेवले, त्याचा हा इतिहास.

आधी स्पर्धेविषयी थोडेसे. ही राष्ट्रीय स्पर्धा १९४८ साली कोलोराडो स्प्रिंग्समधील ब्रॉडमूर येथे सुरू झाली. तेव्हा संघ होते अवघे चार. अंतिम सामन्यात मिशिगनने डार्टमथला ८-४ ने हरवले आणि पहिले विजेतेपद मिळवले. २००३ पासून स्पर्धेत सोळा संघ आहेत. चार-चार संघांचे चार विभाग, आणि प्रत्येक विभागाचा विजेता अंतिम चौघांत. व्यावसायिक हॉकीत सातपैकी चार सामने जिंकणारा पुढे जातो. तिथे एखाद्या रात्रीचा अन्याय पुढच्या रात्री भरून काढता येतो. इथे एक पराभव म्हणजे घरची वाट. शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या खेळाडूच्या बाबतीत तर तो पराभव त्याच्या विद्यापीठीय कारकिर्दीचाच शेवट असतो.

जादा वेळेचा नियमही तितकाच निष्ठुर आहे. वीस-वीस मिनिटांची सत्रे खेळवत राहायचे, आणि जो पहिला गोल करील तो जिंकला. २००० साली बोस्टन विद्यापीठाचा गोलरक्षक रिक डिपिएट्रो याने सेंट लॉरेन्सविरुद्ध असाच एक सामना चौथ्या जादा सत्रापर्यंत ओढून नेला. त्या रात्री त्याने तब्बल ७७ फटके अडवले. अठ्ठ्याहत्तरावा अडला नसता तरी इतिहासाने त्याला माफच केले असते. संघ मात्र ३-२ ने हरलाच.

आता पुन्हा फोर्ट वेनकडे. (इथले मायामी म्हणजे फ्लोरिडातले समुद्रकाठचे शहर नव्हे, हे विद्यापीठ ओहायो राज्यात आहे आणि त्याची स्थापना १८०९ सालची.) त्या वसंतात मिशिगनचा संघ तिथवर पोहोचला, हीच मुळात नवलाची गोष्ट होती. नऊ राष्ट्रीय विजेतेपदे नावावर असलेला आणि १९९१ पासून एकदाही स्पर्धेबाहेर न राहिलेला हा संघ त्या वर्षी स्वतःच्या गटात सातव्या क्रमांकावर घसरला होता. राष्ट्रीय स्पर्धेत शिरायला एकच मार्ग उरला होता, तो म्हणजे गटाची बाद स्पर्धा जिंकणे. त्यातच फेब्रुवारीच्या अखेरीस मुख्य गोलरक्षक ब्रायन होगन जखमी झाला.

त्याच्या जागी आला शॉन हनविक. हनविकला हॉकीची शिष्यवृत्ती नव्हती. स्वतःहून चाचणी देऊन संघात शिरलेला, सरावात इतरांचे फटके झेलणारा आणि सामन्यांत बहुतेक वेळ बाकावर बसणारा हा मुलगा होता. उंची जेमतेम साडेपाच फूट. हॉकीचा गोल सहा फूट रुंद आणि चार फूट उंच असतो. तो झाकण्यासाठी प्रशिक्षक सहसा उंच, रुंद खांद्यांची मुले शोधतात. थोरला भाऊ मॅट हनविक याच विद्यापीठाचा कर्णधार राहिलेला आणि पुढे व्यावसायिक हॉकीत गेलेला. धाकटा मात्र तीन वर्षे वाट पाहत होता. संधी मिळाली तीही अशी, की प्रत्येक सामना हंगामातला शेवटचा ठरू शकत होता. त्याच्यामागे उभे राहून मिशिगनने गटस्पर्धा जिंकली. स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तो हनविकच. मग राष्ट्रीय स्पर्धेत बेमिजी स्टेटचा ५-१ असा पराभव, आणि दुसऱ्याच दिवशी मायामी. त्या वर्षी अंतिम चौघांचे सामने डेट्रॉइटमध्ये व्हायचे होते, म्हणजे मिशिगनच्या अंगणातच. शिट्टी वाजली तेव्हा पणाला लागले होते ते हे.

पंच शिट्टी का वाजवतात, हे इथे पाहिले पाहिजे. आइस हॉकीची चकती, जिला पक म्हणतात, तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाडीची रबरी वडी असते. ती गोलरक्षकाच्या अंगाखाली किंवा पायांवरच्या जाड पॅडमागे गेली की प्रतिस्पर्धी काठ्यांनी तिथे खणू लागतात. खाली पडलेल्या गोलरक्षकाच्या हातापायांवर ते घाव बसतात. म्हणून चकती पंचाला दिसेनाशी झाली, की त्याने खेळ थांबवायचा. गोलरक्षकाच्या रक्षणासाठी केलेली ही तरतूद आहे आणि ती शहाणपणाची आहे. त्यापुढे जाऊन या खेळात आणखी एक तत्त्व रूढ आहे : शिट्टी ओठांपर्यंत जायला क्षणभर उशीर झाला, तरी खेळ थांबतो तो पंचाने तसे ठरवले त्या क्षणी. यातली अडचण उघड आहे. चकती कुठे होती याचा पुरावा कॅमेरा देऊ शकतो. पंचाला ती कोणत्या क्षणी दिसेनाशी झाली, याचा पुरावा कोणत्याही कॅमेऱ्यात सापडत नाही.

म्हणूनच व्हिडिओ तपासणी असूनही लिंचचा गोल वाचू शकला नाही. शिट्टीनंतर जे घडले ते नियमाच्या दृष्टीने घडलेच नाही. क्रिकेट पाहणाऱ्याला हा पेच ओळखीचा वाटेल. जून २०२४ मध्ये न्यूयॉर्कला झालेल्या टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या सामन्यात बांगलादेशच्या महमुदुल्लाला पायचीत दिले गेले. चेंडू त्याच्या पॅडला लागून सीमापार गेला होता. फेरविचारात तो नाबाद ठरला, पण पंचाचे बोट वर गेल्यावर चेंडू मृत झालेला असल्याने त्या चार धावा मिळाल्या नाहीत. बांगलादेश हरले ते नेमके चार धावांनी.

पंचाची शिट्टी वेळेआधी वाजली तर जसा सामना फिरतो, तसाच ती योग्य वेळी वाजली तरीही फिरू शकतो. ६ एप्रिल २००२ रोजी सेंट पॉल शहरात मिनेसोटा आणि मेन यांच्यात अंतिम सामना झाला. मेनच्या संघासाठी तो साधा सामना नव्हता. त्यांचे प्रशिक्षक शॉन वॉल्श आदल्या सप्टेंबरमध्ये कर्करोगाने गेले होते. मेन ३-२ ने पुढे होते आणि शेवटचे एक मिनिटही उरले नव्हते, तेव्हा मॅट कोआल्स्काने बरोबरी साधली. जादा वेळेत मेनच्या एका खेळाडूला प्रतिस्पर्ध्याला पाडल्याबद्दल दोन मिनिटांची शिक्षा झाली. शिक्षा झालेला खेळाडू बाहेर बसतो आणि संघ एकाने कमी होतो. त्या अवधीतच ग्रँट पोटल्नीने गोल केला. मिनेसोटाला १९७९ नंतरचे पहिले विजेतेपद मिळाले.

हॉकीत एक अलिखित समजूत आहे, की जादा वेळेत पंचाने हात आखडता घ्यावा; सामना खेळाडूंनी ठरवावा. ऐकायला ही गोष्ट उदार वाटते, पण तिचा फायदा पाडणाऱ्याला होतो, पडणाऱ्याला नाही. पहिल्या मिनिटाला जो गुन्हा, तो सत्तराव्या मिनिटालाही गुन्हाच असला पाहिजे. पंच गप्प राहिला तरी तो सामन्याबाहेर जात नाही. त्याचे गप्प राहणे हाही एक निर्णय असतो. मेनच्या चाहत्यांना हे पटवणे अर्थातच कठीण होते.

आणि मग आला २०११ चा मार्च. २५ तारखेला सेंट लुईसमध्ये मिशिगनची गाठ नेब्रास्का-ओमाहाशी पडली. समोरच्या बाकामागे उभे होते डीन ब्लेस, नॉर्थ डकोटाला १९९७ आणि २००० मध्ये विजेते करणारे मुरब्बी प्रशिक्षक. सामना पुन्हा २-२, पुन्हा जादा वेळ. तिसरे मिनिट चालू असताना ओमाहाच्या गोलच्या तोंडाशी झटापट झाली आणि चकती गोलरक्षकाच्या दिशेने रेटली गेली. रेटणारा होता केविन लिंच. या वेळी प्रश्न शिट्टीचा नव्हता, रेषेचा होता. चकती पूर्णपणे रेषेपार गेली तरच गोल. केसभर भागही रेषेवर राहिला तर नाही. पंच पडद्यासमोर गेले आणि कित्येक मिनिटे परतलेच नाहीत. दोन्ही संघ बर्फावर ताटकळत उभे. आदल्या वर्षी कॅमेऱ्याला बोलण्याची मुभाच नव्हती; या वर्षी त्याच्याखेरीज दुसरा साक्षीदार नव्हता. अखेर गोल मान्य झाला आणि मिशिगन ३-२ ने जिंकले. ओमाहाच्या मुलांना मात्र घरी जायचे होते, आणि हरल्याचे दुःख त्यांना त्या लांबलेल्या प्रतीक्षेनंतर पचवावे लागले.

पुढच्या फेरीत कोलोराडो कॉलेजवर २-१ अशी मात. ७ एप्रिलला सेंट पॉलमध्ये, मेनने २००२ मध्ये विजेतेपद गमावले त्याच बंदिस्त मैदानात, उपांत्य सामन्यात बलाढ्य नॉर्थ डकोटा समोर होते. हनविकने ४० फटके अडवले आणि एकही गोल होऊ दिला नाही. मिशिगन २-० ने विजयी. बाकावरच्या त्या मुलाने खेळलेला हा बहुधा सर्वांत मोठा सामना.

दोन दिवसांनी मिनेसोटा-ड्युलूथविरुद्ध अंतिम सामना झाला. मिशिगनला वारंवार शिक्षा झाल्या आणि एका खेळाडूच्या उणिवेचा भार शेवटी पडला तो हनविकवरच. पुन्हा २-२, पुन्हा जादा वेळ. ड्युलूथच्या काइल श्मिटने गोल केला. या गोलाला ना शिट्टीचा अडथळा होता, ना पडद्यापुढच्या तपासणीची गरज. ड्युलूथचे ते पहिलेच विजेतेपद. १९८४ मध्ये चौथ्या जादा सत्रात बोलिंग ग्रीनकडून हुकलेले स्वप्न सत्तावीस वर्षांनी पुरे झाले होते.

२०१२ मध्ये मिशिगन पुन्हा स्पर्धेत उतरले, सलग बाविसाव्यांदा. पहिल्याच सामन्यात कॉर्नेलने त्यांना हरवले, जादा वेळेत, ३-२ ने. सलग तीन वर्षे तोच गोलरक्षक, तसाच शेवट आणि तोच गुणफलक. त्यानंतर कोलंबस ब्लू जॅकेट्सने हनविकला करारबद्ध केले आणि हंगामाच्या अखेरच्या सामन्यात, विजय निश्चित झाल्यावर, त्याला गोलसमोर उभे केले. एनएचएलच्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे तेवढाच एक सामना आहे; खेळलेला वेळ, तीन मिनिटांहूनही कमी.