बिब्बा आणि शरीराची सहिष्णुता : एक ऐतिहासिक टिपण

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत, सातपुड्याचे पानझडी जंगल आहे. या डोंगररांगेतील बिब्बा वऱ्हाडी घरांत दोन परस्परविरोधी रूपांनी वावरतो. त्याची गोडंबी हिवाळ्यात डिंकाच्या लाडवांत पडते. टरफलातील काळा रस मात्र अंगावर फोड उठवतो. 'कामात बिब्बा घालणे' या वाक्प्रचारात ही दुसरीच बाजू टिकून राहिली.

चरकसंहितेने या दाहकतेची दखल घेऊनच भल्लातकाला रसायनांत स्थान दिले. दहा फळांपासून आरंभ करून रोज एकेक वाढवावे, तिसाच्या पुढे जाऊ नये, नंतर क्रमाने उतरावे व सेवनापूर्वी तोंडाला आतून तूप लावावे, असा तो विधी आहे. एवढी सावधगिरी अनुभवाशिवाय सुचत नाही.

परटांनी कपड्यांवर खूण करण्यासाठी हाच रस वापरला. 1943 मध्ये अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी भारतातील सैनिकांच्या त्वचारोगाचे मूळ या खुणेत शोधले. पुरळ नेमके खूण टेकलेल्या जागी उठत असे. संहत रस कोणाचीही त्वचा जाळू शकतो. अत्यल्प स्पर्शाने येणारे पुरळ ही मात्र वेगळी गोष्ट आहे. रसातील भिलावानॉल त्वचेच्या प्रथिनांना चिकटते, प्रतिकारपेशी त्यास परके म्हणून लक्षात ठेवतात आणि पुढील स्पर्शानंतर एकदोन दिवसांत दाह उसळतो. म्हणजे हा दाह शरीराने शिकलेला असतो.

शिकण्याची दिशा उलटही असू शकते. 1946 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये मेरिल चेस यांनी गिनीपिगांना त्वचेची अॅलर्जी निर्माण करणारे रसायन आधी खाऊ घातले. पुढे त्याच रसायनाने त्यांच्यात ती अॅलर्जी निर्माण करणे कठीण झाले. तोंडावाटे येणाऱ्या पदार्थाविषयीची ही सहिष्णुता प्रतिकारशास्त्रातील मोठा विषय ठरली.

चरकांच्या चढत्या मात्रेत चेस यांचा शोध आधीच होता, असे म्हणण्याचा मोह आवरणे इष्ट. चरकांचा हेतू आयुष्य व बल वाढवण्याचा होता, अॅलर्जी टाळण्याचा नव्हे. शिवाय चेस यांच्या प्रयोगाचे मर्म क्रमात आहे : खाणे आधी, त्वचेचा स्पर्श नंतर. एकदा पेशींनी वैर धरले की खाऊ घालून ते मोडणे फार अवघड. आपल्याकडे तान्ह्या मुलाच्या पोटावर बिब्ब्याचे ठिपके देण्याची प्रथा होती. तेथे लाडू मिळण्यापूर्वीच त्वचेची ओळख होऊन गेलेली असे.