वरळीचे प्रवाळ आणि होड्यांची वाट

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्यालगत तोंडात नळी धरून पाण्याखालचे प्रवाळ पाहता येतात. वरळी कोळीवाड्याचा समुद्र गढूळ. तेथे ती सोय नाही. प्रवाळ मात्र येथेही आढळतात, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर. वन्यजीव संरक्षण कायद्याचे (१९७२) कवच असल्याने सागरी किनारा मार्गासाठी २०२० मध्ये वरळी व हाजी अली येथील काही वसाहती अन्यत्र हलविण्यात आल्या. कोळ्यांचा प्रश्न इतक्या सहजी सुटला नाही. क्लीव्हलँड बंदरातून निघणाऱ्या होड्यांच्या वाटेवर पुलाच्या दोन खांबांत ६० मीटर अंतर ठरले होते. शिडे जाऊन यंत्रे आली, तरी वारा-भरतीत होडी भरकटतेच, म्हणून मच्छीमारांनी काम रोखले. डिसेंबर २०२२ मध्ये १२० मीटर मान्य झाले. मागणी त्याहूनही अधिकची होती.