जनरल रजिस्टरमधील एक ओळ

१/ महाराष्ट्रातील सरकारी कचेऱ्यांत ३१ मे रोजी निरोपसमारंभांची रीघ लागते. सेवापुस्तकात '१ जून' ही जन्मतारीख असलेले कर्मचारी त्या दिवशी एकत्रच निवृत्त होतात. एका पिढीतील इतक्या माणसांचा वाढदिवस एकच कसा? याचे उत्तर शाळेतील कपाटात आहे. ती तारीख मुख्याध्यापकांनी लिहिली. मुख्याध्यापकाच्या लेखणीने विद्यार्थ्यांच्या आयुष्यात काय घडवले, त्याची ही कथा.

२/ १८८६ च्या कायद्याने जन्मनोंदणीची सोय केली, पण सक्ती सर्वांवर नव्हती. देशभर सर्वांना लागू होणारा कायदा १९६९ चा. तोवर खेड्यातील बाप मुलाला शाळेत आणी, तेव्हा त्याला तारीख नव्हे, भातलावणीचा किंवा झोडणीचा हंगाम आठवे. गुरुजी मुलाकडे पाहून वयाचा अंदाज बांधीत. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होई. म्हणून दिवस ठरे १ जून.

३/ ही नोंद ज्या वहीत होई, ती म्हणजे जनरल रजिस्टर. नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाचा व शाळा सोडल्याचा दिनांक: एका मुलासाठी एक आडवी ओळ. पंतोजींच्या शाळेला अशा वहीची गरज नव्हती. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर मुंबई इलाख्यात शिक्षण खाते उभे राहिले, अनुदान आले, तपासनीस आले आणि सरकारला आकडे हवे झाले. गुरुजी त्या दिवसापासून कारकूनही झाले.

४/ या ओळीत येण्याचा हक्कही सर्वांना नव्हता. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला. मुंबई सरकारने तो नकार उचलून धरला. सरकारी शाळा सर्व वर्गांसाठी आहेत, असे १८५८ मध्ये लंडनहून कंपनीच्या संचालकांना कळवावे लागले. पुढे ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत (आजचे प्रतापसिंह हायस्कूल) १९१४ क्रमांकावर 'भिवा रामजी आंबेडकर' ही ओळ लिहिली गेली. महाराष्ट्र शासन आज तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते.

५/ आता पालघरकडे येऊ. इथली जुनी रजिस्टरे वाचताना पहिली ठेच स्थळनामांची लागते. 'ता. माहीम' म्हणजे मुंबईचे माहीम नव्हे. आजच्या पालघर तालुक्याचे ते जुने नाव, केळवे-माहीमवरून आलेले. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये तेच आढळते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्यापूर्वीच्या दाखल्यांवर बहुधा 'जि. ठाणे' असते.

६/ दुसरी ठेच अधिक खोल आहे. ती जातीच्या रकान्यात लागते. या भागात किनाऱ्यावर सोनकोळी, वैती, मांगेला; डोंगराकडे मल्हार कोळी, महादेव कोळी, वारली, कोकणा, कातकरी. लिहिणाऱ्याने घाईत नुसते 'हिंदू कोळी' लिहिले, तर त्या एका शब्दात किनारा आणि डोंगर दोन्ही मावतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्यांच्यात मोठे अंतर आहे: मल्हार कोळी व महादेव कोळी अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत, सोनकोळी नाहीत.

७/ अनुसूचित जमातींचा राष्ट्रपतींचा आदेश ६ सप्टेंबर १९५० चा. म्हणून जात पडताळणीत त्याआधीच्या कागदाला विशेष वजन मिळते, आणि गरीब घरात इतका जुना कागद बहुधा एकच असतो: आजोबांच्या शाळेतील नोंद. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये पडताळणी समिती व दक्षता पथकाची कार्यपद्धती ठरवून दिली, ती माधुरी पाटील प्रकरणात. तो वादही महादेव कोळी असल्याच्या दाव्याचाच होता. नोंद आता सहज बदलता येत नाही. माध्यमिक शाळा संहितेनुसार शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते.

८/ या वह्यांची ताकद २०२३ मध्ये उभ्या महाराष्ट्राने पाहिली. कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि महसुली दप्तरांबरोबर शाळांची जुनी प्रवेश रजिस्टरेही कपाटांतून बाहेर निघाली. मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली.

९/ आणि जे ओळीत आलेच नाहीत, त्यांचे काय? डहाणू-तलासरी पट्ट्यातील वारली मुलांचा दिवस सावकाराची गुरे राखण्यात जाई. वेठ आणि लग्नासाठी काढलेल्या कर्जातून जन्मणारी गुलामी सायमिंग्टन यांनी १९३९ च्या सरकारी अहवालात नोंदवली. १९४५ मध्ये तिच्याविरुद्ध वारल्यांचा उठाव झाला. अशा घरातील मुलाचे नाव रजिस्टरात नसणे, हीही एक ऐतिहासिक नोंदच आहे.

१०/ ही रिकामी जागा ज्यांना दिसली, त्यांत एक मुख्याध्यापक होते: बोर्डीचे आचार्य शं. रा. भिसे. गोखले एज्युकेशन सोसायटीचे सुनाबाई पेस्तनजी हकीमजी हायस्कूल तिथे १९२० मध्ये सुरू झाले. त्याची धुरा वाहताना भिसे शाळेच्या कुंपणाबाहेर पडले आणि बाळासाहेब खेरांच्या आदिवासी सेवा मंडळाच्या कामात उतरले.

११/ १९४५ मध्ये ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी याच बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र उभारले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे कुरणशाळा आकाराला आली. मूल गुरे सोडून शाळेत येऊ शकत नाही ना? मग शाळा कुरणात जाईल. शतकभर मुलाने वहीपर्यंत चालत जायचे असा रिवाज होता. इथे वही मुलापर्यंत चालत गेली.

१२/ बोईसर-तारापूरमध्ये हाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. १९६९ मध्ये अणुवीज केंद्र सुरू झाले, औद्योगिक वसाहत वाढली आणि परप्रांतांतून कामगारांची कुटुंबे आली. मागच्या शाळेचा दाखला नसलेले मूल मुख्याध्यापकांसमोर उभे राहिले, तर? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने उत्तर दिले: आठवीपर्यंत वयाचा पुरावा किंवा दाखला नाही, म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही. धारवाडच्या त्या दारापासून इथवर यायला दीडशे वर्षे लागली.

१३/ १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशाला जन्मदाखला हाच तारखेचा पुरावा. म्हणजे १ जूनचे वाढदिवस हळूहळू इतिहासजमा होतील. जुन्या ओळींची गरज मात्र संपलेली नाही. पालघरमधील कुणा नातवाचा वैद्यकीय प्रवेश, कुणा नातीची नोकरी अजूनही त्यांवर अवलंबून आहे. आणि किनाऱ्याच्या दमट, खाऱ्या हवेत कागद फार टिकत नाही.

१४/ म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्यांना एक विनंती. किल्ले पाहा, ताम्रपट वाचा. पण आपल्या गावच्या शाळेचे सर्वांत जुने रजिस्टर कुठे आहे, कोणत्या लिपीत आहे, त्याचे छायांकन झाले आहे का, हेही मुख्याध्यापकांना विचारा. त्यात मुलांची खासगी माहिती असते, तेव्हा समाजमाध्यमांवर एकही पान टाकू नका. मात्र मोडी येत असेल, तर वाचायला मदत करा. ज्यांच्या घरी बखर नव्हती, वंशावळ नव्हती, सातबाराही नव्हता, त्यांचा लिखित इतिहास अनेकदा या एका ओळीपासून सुरू होतो.