बस्त्याचं गाव आणि न विचारलेले प्रश्न

पोस्ट मोठी आहे मंडळी, सवडीनं वाचा.

वडगावात लग्न ठरलं की पहिला प्रश्न मुहूर्ताचा आणि दुसरा बस्त्याचा. बस्ता म्हटला की गांधीनगर. गाडीभर बायका, पुढं एखादा मामा, तावडे हॉटेलच्या चौकातनं आत वळायचं आणि दिवसभर गादीवर बसून साड्या उलगडायला लावायच्या. मीही कितीदा गेलोय. पण आपण जिथं बसून शालू आणि मानपानाच्या साड्या वेगळ्या करतो, तिथं दोनदा निर्वासितांची छावणी होती, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं.

पहिली छावणी पोलंडच्या लोकांची. १९४३ ते १९४८. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियानं पूर्व पोलंडमधून उचलून सैबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकलेली माणसं इराणमार्गे फिरत फिरत आपल्या वळिवड्याला आली. पाचेक हजार होती, त्यात बायका आणि मुलंच जास्त. त्यांची आठवण आपण छान जपली आहे. कोल्हापुरात महावीर उद्यानात स्मारक आहे, पोलंडच्या राजधानीत कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. २०१९ साली त्यातले काही म्हातारे-म्हाताऱ्या परत आले तेव्हा त्यांचं स्वागत झालं, बातम्या झाल्या.

दुसरी छावणी फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची. पोलिश लोक गेले, त्याच वस्तीत ही माणसं आली आणि वळिवड्याच्या छावणीचं गांधीनगर झालं. त्यांनी बाजार उभा केला, म्हणून त्यांचं कौतुक आपण बाजाराचंच करतो.

मीही तेच केलं होतं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका दैनिकाच्या १५ ऑगस्टच्या पुरवणीसाठी मी तिथल्या एका आजींना भेटायला गेलो. दुकानाच्या मागंच घर. आजी बोलक्या होत्या. कराची, जहाज, मुंबईची गोदी, छावणीतलं रेशन, सगळं हिंदी-मराठी मिसळून सांगत होत्या. मध्येच म्हणाल्या, ‘मेरी एक चुलत बहीण पीछे रह गई. मुलतान साईडला दिली होती.’ मी तरुण, पत्रकारितेचा डिप्लोमा करून फार वर्षं झालेली नव्हती, ‘ह्यूमन स्टोरी’ मिळाली असं वाटून मी सरळ विचारलं, ‘त्यांच्यासोबत काय झालं?’ शेजारी दोन मुलगे, एक सून, हातात ट्रे घेतलेला गडी. थोरला मुलगा म्हणाला, ‘अम्मा, ते कशाला आता.’ आजींनी पदर नीट केला आणि मला बिस्किटं घ्यायला सांगितली. त्यानंतर त्या बाजाराबद्दल बोलल्या. पुरवणीत छापून आलं ते ‘शून्यातून साम्राज्य’ छापाचं. लोकांना आवडलंही.

ही गोष्ट आत्ता आठवायचं कारण म्हणजे १७ सप्टेंबर. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला आपल्या गावच्या ग्रुपांवरसुद्धा ‘रझाकारांनी आमच्या माताभगिनींची अब्रू लुटली’ अशा पोस्ट फिरल्या. रझाकारांनी अत्याचार केले हे खरंच आहे, त्यात शंका नको. लातूरला वकिली करणाऱ्या कासिम रझवीच्या त्या टोळ्यांनी १९४८ च्या पहिल्या आठ-नऊ महिन्यांत गावंच्या गावं जाळली, माणसं मारली, बायकांवर हात टाकले. बिदरकडच्या गोरट्याचं नाव आजही तिकडं आवाज खाली करून घेतात. पण इतिहास १७ सप्टेंबरला थांबत नाही आणि आपल्या पोस्ट मात्र नेमक्या तिथंच थांबतात.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गमार्गे आत शिरली. पाच दिवसांत निजाम संपला. त्यानंतर जे झालं ते पाहायला पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना दिल्लीनं पाठवलं. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात त्यांनी संस्थानातल्या सोळापैकी नऊ जिल्हे पालथे घातले, पाचशेच्या वर लोकांशी बोलले. त्यांचा अहवाल कित्येक वर्षं फायलीत पडून राहिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड या चार जिल्ह्यांत सगळ्यात जास्त कत्तल झाली आणि आता मरणारे मुसलमान होते, असं त्यात आहे. एकूण मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार. लुटीत काही ठिकाणी गणवेशातली माणसंही होती, असंही त्यात आहे. आणि काही गावांत हिंदू शेजाऱ्यांनी जिवावर उदार होऊन मुसलमान शेजारी वाचवले, हेही त्यातच आहे.

बायकांबद्दल काय आहे? गुन्ह्यांची एक यादी आहे. लूट, जाळपोळ, घरं-जमिनी बळकावणं यांच्या रांगेत बलात्कार आणि स्त्रियांचं अपहरण. त्याला जोडून एक छोटी नोंद: काही वेळा या बायकांना संस्थानाबाहेर, सोलापूर आणि नागपूरसारख्या शहरांत नेलं गेलं. मेलेल्यांचा निदान अंदाज तरी केला. या बायकांचा तोही नाही. सोलापूर म्हणजे आपल्यापासून काही लांब नाही. तिथं आणलेल्या त्या बायका पुढं कुठं गेल्या? कुणाच्या घरात नाव बदलून राहिल्या, मुलंबाळं झाली, म्हाताऱ्या होऊन गेल्या? त्या घरातल्या नातवंडांना आजीचं माहेर कुठलं हे माहीत आहे का?

आमच्याकडं ऊसतोडीला उस्मानाबाद-बीडकडची माणसं दरवर्षी येतात. एका हंगामात एका म्हाताऱ्या मावशींकडं मी हा विषय काढला होता. त्या एवढंच म्हणाल्या, ‘आमच्या शिवारात एक हीर हाय, तिचं पाणी कुणी पीत न्हाई.’ त्या विहिरीत कोण होतं, कुठल्या बाजूचं होतं, हे मी विचारलं नाही.

विहिरींचं सगळीकडं असंच आहे. मार्च १९४७ मध्ये रावळपिंडी जिल्ह्यातल्या थोहा खालसा गावात नव्वदच्या आसपास शीख बायकांनी दंगलखोरांच्या हाती लागण्यापेक्षा विहिरीत उड्या घेतल्या. त्यांची आठवण दरवर्षी काढली जाते, त्यांना हुतात्मा म्हणतात. मला त्या बायकांबद्दल आदर आहे. पण ज्या उडी मारू शकल्या नाहीत, किंवा मारायचीच नव्हती, ज्या जगल्या आणि परत आल्या, त्यांची आठवण कोण काढतं? मेली तर हुतात्मा, जगली तर बाटलेली. हा शब्द आपलाच आहे, मराठी आहे.

परत आणायची सरकारी मोहीमही झाली. ६ डिसेंबर १९४७ ला भारत-पाकिस्तानचा करार झाला. १९४९ साली अपहृत व्यक्तींना परत मिळवण्याचा कायदा आला, तो १९५७ पर्यंत चालला. सरकारी अंदाज असा, की भारतात ५० हजार मुसलमान बायका आणि पाकिस्तानात ३३ हजार हिंदू-शीख बायका अडकल्या होत्या. मृदुला साराभाई, कमलाबेन पटेल यांच्यासारख्या बायका यात राबल्या. काम मोठं होतं, पण कायद्यात एक गोष्ट नव्हती: त्या बाईची इच्छा. तिला परत जायचं आहे का, हे विचारणं बंधनकारक नव्हतं. काही बायका रडत म्हणाल्या, आता आम्हाला दुसऱ्यांदा उपटू नका, आम्हाला घरी कोण घेणार? पोटच्या पोरांना मागं टाकून कितीतरी जणींना जावं लागलं. गांधीजी आणि नेहरू दोघांनाही जाहीर आवाहन करावं लागलं, की या मुलींना, सुनांना घरात घ्या, त्यांचा काही दोष नाही. असं सांगावं लागलं, यातच घराघरांत काय चाललं होतं ते कळतं.

सिंधमध्ये हे पंजाबइतकं झालं नाही, हे इथं सांगायलाच हवं. पण जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाल्यावर पोरीबाळी असलेली घरं भीतीनं निघाली. या भीतीचंही पुढं काहीतरी होतं. मुलींना लवकर उजवणं, बाहेर न पाठवणं, ‘जमाना खराब है’. युद्धातला अत्याचार ज्या बाईवर होतो तिच्यापाशी थांबत नाही, तो तिच्या लेकीच्या शाळेपर्यंत येतो.

बांगलादेशनं वेगळं काहीतरी करून पाहिलं. १९७१ च्या युद्धानंतर तिथल्या सरकारनं अशा बायकांना ‘बीरांगना’ म्हणजे वीरांगना असा किताब दिला. आकडा दोन लाख सांगितला, त्यावर वाद आहेत. हेतू चांगला होता. पण गावात तोच शब्द शिवीसारखा झाला. नवऱ्यांनी टाकलं, बापांनी पत्ता बदलला. या बायकांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून दर्जा आणि भत्ता मिळायला २०१५ उजाडलं. चव्वेचाळीस वर्षं! तोवर कितीतरी जणी गेलेल्या होत्या. कोरियाच्या किम हाक-सून यांना जपानी सैन्यानं आपल्यावर काय केलं हे जाहीरपणे सांगायला १९९१ साल उजाडावं लागलं, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी. त्या बोलल्यावर मग इतर देशांतल्या बायकाही पुढं आल्या.

विचारावं कसं, हे मला रवांडाच्या एका खटल्यातून कळलं. १९९४ च्या नरसंहारानंतर अकायेसू नावाच्या एका नगराध्यक्षावर आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात खटला चालला. आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेखच नव्हता. एक साक्षीदार बाई दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलता बोलता आपल्या सहा वर्षांच्या मुलीवर काय झालं ते बोलून गेली. पीठावर नवी पिल्ले होत्या, दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीय वंशाच्या, तिघांत एकट्या बाई. तो उल्लेख त्या पीठानं वाहून जाऊ दिला नाही, प्रश्न विचारले गेले. नंतर आरोपपत्र बदललं. २ सप्टेंबर १९९८ च्या निकालात पहिल्यांदाच बलात्कार हा नरसंहाराचा भाग धरला गेला. साक्षीदारांची नावं झाकून ठेवली होती, अक्षरांनी ओळख. मी विचारलं होतं ते चार माणसांसमोर, बिस्किटं खाता खाता, दुसऱ्या दिवशी छापायला.

बातमीत ‘अब्रू लुटली’ हे मीही वर्षानुवर्षं लिहिलं. सोपं जातं, मथळ्यात बसतं. पण लुटली ती काही अब्रू नसते. दुखापत शरीराला होते, झोप उडते, मूल राहतं, घर सुटतं. अब्रू गेली असं ज्यांना वाटतं ते बाहेर पंचायतीत, ग्रुपवर बसलेले असतात. ती परत मिळवायच्या नावाखाली दुसऱ्या बाजूची बाई उचलली जाते. मराठवाड्यात सप्टेंबरच्या आधी आणि नंतर हेच झालं, फक्त बाजू बदलली. आपल्या वडगावात धनाजीरावांची समाधी आहे, इतिहासाचा अभिमान आपल्याला जरा जास्तच. पण १७४० च्या दशकात बंगालवर गेलेल्या मराठी फौजांनी तिथल्या बायकांचं काय केलं, ते तिथल्या कवीनं त्याच काळात लिहून ठेवलंय. ‘बर्गी’ आले, असं सांगून तिकडं अजून पोरं झोपवतात. हे वाचून कुणाला राग आला तर कमेंटमध्ये बोला, मी उत्तर देईन. फक्त शिव्या नकोत, गावातल्या पोरी पण ही पोस्ट वाचतात.

गेल्या महिन्यात भाचीच्या बस्त्याला त्याच गल्लीत गेलो होतो. दुकान आता नातवंडं चालवतात. आजी जाऊन सहा वर्षं झाली म्हणाले. त्यांनी मला ओळखलं, ‘पेपरवाले ना?’ म्हणून चहा मागवला. भिंतीवर हार घातलेल्या फोटोत आजी हसत होत्या. चुलत बहिणीचं नाव काय होतं, हे तेव्हाही मला कुणी सांगितलं नव्हतं. बहीण आणि भाची पैठणीच्या काठावरून वाद घालत होत्या, मी चहा प्यायलो आणि बिल किती झालं ते विचारलं.